मीठा बहार धरताय? परतीचा पाऊस जाऊ द्या

सोलापूर भागात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. त्यामुळे गणपती उठले की लगेच अंजिराच्या बागेत कात्री घेऊन शिरू नका. चार दिवस चांगली उघडीप मिळाली, की मगच छाटणी करा. अंजिराला दोन बहार, म्हणजे फळांचे हंगाम, येतात: खट्टा आणि मीठा. खट्टा बहाराची फळं पावसात सापडून उकलतात, गोडीही बेताचीच राहते. मीठा बहाराची फळं मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात आणि तेव्हाची आपली कोरडी हवा त्यांना मानवते. इथे तोच बहार धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंजीर नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत लागतं. म्हणून मागच्या हंगामाच्या फांद्यांचे शेंडे छाटा. वाळलेल्या आणि आत घुसलेल्या फांद्या काढून टाका. हातमोजे घाला. चीक अंगावर पडून वर ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते.

खरा वैरी तांबेरा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. पान उलटून बघा: खालच्या बाजूला बारीक तपकिरी पुटकुळ्या दिसतील, बोट फिरवलं तर पूड लागेल. झाडाखालचा पाला तसाच ठेवून फवारणी केली तर पैसे वाया. आधी पाला गोळा करून बागेबाहेर नेऊन नष्ट करा, मग एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, एकत्र करून 100 लिटर करा. त्यात लोखंडी सळई बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

जॉर्डन खोऱ्यात गिलगाल इथे सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची अंजिरं सापडली. ती परागीभवनाशिवाय पोसणारी, त्यामुळे उगवणारं बी नसलेली, म्हणजे माणसाने फांद्या लावून वाढवलेली असावीत, असं संशोधकांनी 2006 मध्ये मांडलं. आपलं पुना अंजीरही तसंच परागीभवनाशिवाय धरतं. तेव्हा फळगळ दिसली की ‘सेटिंग’च्या, म्हणजे फळ धरवण्याच्या औषधांच्या, बाटल्या घेऊ नका, आधी पाणी आणि तांबेरा तपासा. फळ पोसताना ठिबकचं पाणी एक दिवस भरपूर आणि पुढे आठवडाभर बंद, असं झालं की फळं तडकतात.

मर रोगाने वाळलेलं डाळिंब काढून तिथेच अंजीर लावणाऱ्यांनी त्या डाळिंबाच्या मुळांवर गाठी आहेत का ते पाहावं. गाठी असतील तर मातीतल्या सूत्रकृमींची (मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांची) तपासणी झाल्याशिवाय त्या खड्ड्यांत रोप लावू नये, कारण सूत्रकृमी अंजिरालाही सोडत नाहीत.