निवडणूक प्रचार आणि नगरपालिकेची साधने: काय वापरता येते, काय नाही, कसे ठरवावे

पालिकेच्या गाडीला पक्षाचा झेंडा लावून फिरू नये, हे कुणाला सांगावे लागत नाही. स्थानिक निवडणुकीत गफलत होते ती लहानसहान गोष्टींत. कार्यालयातल्या प्रिंटरवर काढलेली पन्नास पत्रके, नगरसेवकाच्या स्वीय सहायकाने दुपारी तीन वाजता कार्यकर्त्यांना केलेले फोन, पाण्याच्या तक्रारींसाठी उघडलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अचानक आलेले ‘पुन्हा एकदा संधी द्या’. यातले काहीच कुणाला चोरी वाटत नाही. पण कागद, पगार आणि लोकांचे मोबाईल नंबर, तिन्ही पालिकेचे आहेत. म्हणजे जो मतदार विरोधी उमेदवाराला मत देणार आहे, त्याच्याच कराच्या पैशातून त्याच्या उमेदवाराविरुद्ध प्रचार होतो. हा अन्याय आहे, आणि रक्कम लहान आहे म्हणून तो लहान होत नाही.

उमेदवार, कार्यकर्ता, पालिकेचा कर्मचारी किंवा साधा मतदार, तुम्ही कुणीही असा, पुढच्या पायऱ्यांनी गेलात तर बहुतेक प्रश्न जागच्या जागी सुटतील.

पायरी १: नियम कुणाचा आणि कधीपासून, हे आधी शोधा

प्रत्येक ठिकाणी नियम करणारा वेगळा असतो. भारतात नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम २४३ झेडएमध्ये तसे स्पष्ट आहे. लोकसभा-विधानसभा घेणारा भारत निवडणूक आयोग वेगळा. लोक सरसकट त्याच्याकडे तक्रारी पाठवतात आणि आठवडा वाया घालवतात. स्थानिक निवडणुकीची आचारसंहिता राज्य आयोग लावतो, ती कार्यक्रम जाहीर झाल्यापासून लागू होते.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात पद्धत निराळी आहे. तिथल्या १९९६ च्या नगरपालिका निवडणूक कायद्यानुसार प्रत्येक नगरपालिकेने निवडणुकीच्या वर्षी १ मेच्या आत स्वतःचे नियम तयार ठेवायचे असतात: प्रचाराच्या काळात पालिकेची साधने कशी वापरायची, कशी नाही. मला ही पद्धत फार योग्य वाटते, कारण प्रचाराची धामधूम सुरू होण्याआधीच सगळ्यांच्या हातात एक कागद असतो. ब्रिटनमध्ये तर १९८६ च्या स्थानिक शासन कायद्याने, एखाद्या पक्षाला पाठिंबा मिळावा अशा हेतूचे दिसणारे साहित्य स्थानिक संस्थेने काढण्यावर बाराही महिने बंदी आहे. निवडणूक जाहीर झाली की काळजी आणखी वाढवतात, एवढेच.

म्हणून पहिले काम: निवडणूक कार्यालयातून किंवा पालिकेच्या मुख्य कार्यालयातून लेखी नियमांची प्रत मागा. नियम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू आहेत आणि कोणती बंदी वर्षभर असते, हे त्यावर पेनाने खूण करून ठेवा. तोंडी ‘चालतंय हो’ वर विसंबू नका. चालते असे सांगणारा माणूस तक्रारीच्या दिवशी सोबत नसतो.

पायरी २: पालिकेचे ‘साधन’ म्हणजे काय काय, याची यादी करा

गाड्या, सभागृहे, मैदाने, खुर्च्या, ध्वनिक्षेपक, संगणक, झेरॉक्स यंत्र, पालिकेने दिलेला मोबाईल हे दिसणारे. त्यांच्याबद्दल फार सांगायची गरज नाही.

दुसरा गट माणसांच्या वेळेचा. शिपाई, ड्रायव्हर, लिपिक, अभियंता, जनसंपर्क विभाग यांचा कामाचा तास हे साधनच आहे. नगरसेवकाच्या दालनात बसणारा कर्मचारी प्रचारसभेची निमंत्रणे तयार करत असेल, तर तो उमेदवाराला पालिकेने दिलेला फुकट कार्यकर्ता झाला.

तिसरा गट नावलौकिकाचा: पालिकेचे बोधचिन्ह, लेटरहेड, शिक्का, अधिकृत संकेतस्थळ, अधिकृत ई-मेल पत्ता. प्रचारपत्रकावर बोधचिन्ह छापले की वाचणाऱ्याला वाटते, पालिकाच या उमेदवाराच्या पाठीशी आहे.

आणि चौथा गट माहितीचा. आजच्या घडीला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात कमी जपला जाणारा. घरपट्टी भरताना दिलेला मोबाईल नंबर, जन्मदाखल्यासाठीचा अर्ज, गटार तुंबल्याची तक्रार, आरोग्य शिबिरातली नोंदणी. नागरिकाने ही माहिती एका कामासाठी दिलेली असते. मतदार यादी उमेदवारांना नियमाने मिळते, ती वापरावी. पण करदात्यांची यादी पेनड्राइव्हवर उतरवून घेऊन त्यावरून प्रभागातल्या हजारो लोकांना संदेश पाठवणे हा निवडणुकीच्या नियमांचा भंग तर आहेच, शिवाय त्या प्रत्येक माणसाच्या विश्वासाचाही.

पायरी ३: तीन प्रश्न विचारा

यादीतली कोणतीही वस्तू किंवा सेवा प्रचारात येणार असेल, तर विचारा: याचा पैसा कुणी दिला? हा वेळ कुणाचा आहे? आणि हीच गोष्ट, याच दराने, समोरच्या उमेदवाराला मिळाली असती का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पालिकेचे साधन प्रचारात मुळीच येऊ नये असा नियम नाही. सभागृहाचेच बघा. ब्रिटनच्या १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्थानिक निवडणुकीच्या उमेदवाराला प्रचारसभेसाठी ठरावीक शाळांच्या आणि सार्वजनिक सभागृहांच्या खोल्या वापरण्याचा हक्कच दिला आहे. भाडे नाही, फक्त दिवे, गरम ठेवण्याचा आणि स्वच्छतेचा खर्च, आणि मोडतोड झालीच तर तिची भरपाई. हक्क सगळ्या उमेदवारांना सारखा, म्हणून त्यात पक्षपात नाही. भारतातली आदर्श आचारसंहिताही तेच म्हणते: सार्वजनिक मैदाने सत्ताधाऱ्यांनी अडवून ठेवायची नाहीत, इतरांना त्याच अटींवर ती मिळाली पाहिजेत.

तेव्हा सभागृह हवे असेल तर नेहमीच्या अर्जावर अर्ज करा. अर्जावर ‘निवडणूक प्रचारसभा’ असेच लिहा, ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ नको. भाडे आणि अनामत रक्कम इतरांइतकीच भरा, पावती घ्या आणि ती रक्कम निवडणूक खर्चाच्या हिशेबात दाखवा. सभेच्या दिवशी व्यवस्थापकाने आपुलकीने जास्तीच्या खुर्च्या किंवा पालिकेचा माइक फुकट देऊ केला, तर नम्रपणे नको म्हणा. आरक्षण करणाऱ्या लिपिकाने अर्ज आल्याची तारीखच नव्हे, वेळही नोंदवावी. दोन पक्षांनी एकच संध्याकाळ मागितली की त्या एका नोंदीवर सगळा वाद मिटतो.

पायरी ४: पदावर असलेला उमेदवार असेल तर दोन भूमिका वेगळ्या ठेवा

सगळ्यात अवघड जागा हीच. नगरसेवक निवडणुकीला उभा राहिला तरी त्याचे पद संपलेले नसते. नळाला पाणी नाही म्हणून लोक त्याच्याकडेच येणार, आणि त्याने ते काम केलेच पाहिजे. नियमांच्या भीतीने दार बंद करून बसणाराही चुकतोच. सभेला जाणे, तक्रार सोडवणे, अधिकाऱ्याला पत्र देणे हे पदाचे काम आहे. त्या पत्राचा फोटो काढून खाली निवडणूक चिन्ह टाकले, की तो प्रचार झाला.

व्यवहारात असे करा. प्रचारासाठी वेगळा फोन नंबर घ्या, वेगळा ई-मेल पत्ता काढा. पालिकेचा कर्मचारी चालवतो ते किंवा पालिकेच्या संकेतस्थळावरून ज्याला दुवा दिला आहे ते समाजमाध्यमावरचे खाते प्रचारात वापरू नका. त्यासाठी नवे खाते उघडा. तक्रारींच्या ग्रुपवर प्रचाराचा एकही संदेश नको, कार्यकर्त्याने टाकला तर ॲडमिनने तो लगेच काढावा. नगरसेवकाच्या लेटरहेडवर मतांचे आवाहन लिहू नका, लेटरहेड स्वखर्चाने छापलेले असले तरी, कारण त्यावरचे पद स्वतःच्या मालकीचे नसते.

उद्घाटने आणि घोषणा यांवर भारतातल्या आचारसंहितेचा विशेष कटाक्ष आहे. ती लागू झाल्यावर नवी भूमिपूजने, नवे निधी, नवी आश्वासने सत्ताधाऱ्यांनी जाहीर करायची नाहीत. प्रत्यक्ष सुरू झालेले काम सुरू राहते. कार्यादेश निघाला पण जागेवर कुदळ पडली नाही, असे काम थांबते. पूर, साथ, पाणीटंचाई यांसारख्या संकटातली मदत मात्र थांबवायची नसते. अशा वेळी मदतीच्या पाकिटावर कुणाचा फोटो नसावा, एवढे बघा.

पायरी ५: कर्मचाऱ्यांनी स्वतःची मर्यादा जाणून घ्यावी

भारतात शासकीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांनुसार मत देता येते, प्रचार करता येत नाही. सुट्टीच्या दिवशीही नाही. इतरत्र हे बदलते. ब्रिटनमध्ये १९८९ च्या कायद्याने स्थानिक संस्थांतली वरिष्ठ आणि संवेदनशील पदे राजकारणापासून दूर ठेवली आहेत, बाकीच्यांना मोकळीक जास्त आहे. जिथे मोकळीक आहे तिथेही गणवेश, ओळखपत्र आणि कामाची वेळ या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवूनच प्रचारात उतरावे.

एक जुना खटला प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत असावा. तो स्थानिक निवडणुकीचा नाही, पण यापेक्षा स्पष्ट धडा दुसरीकडे मिळणार नाही. १९७१ मध्ये रायबरेलीतून इंदिरा गांधी लोकसभेवर निवडून आल्या. तिथे हरलेले उमेदवार राज नारायण यांनी त्याला आव्हान दिले आणि १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवड रद्द ठरवली. मुद्दे कोणते होते? सभांसाठी राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांनी व्यासपीठ उभारायला आणि ध्वनिक्षेपकाला वीज मिळवून द्यायला केलेली मदत, आणि यशपाल कपूर या राजपत्रित अधिकाऱ्याने केलेले प्रचाराचे काम. कपूर यांनी राजीनामा दिला होता, पण तो रीतसर मंजूर होईपर्यंत ते सरकारी सेवेतच होते असे न्यायालयाने धरले. पुढे कायदा बदलला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल फिरला. तरीही कर्मचाऱ्याने यातून घ्यायचे ते तसेच राहते: वरिष्ठाने सांगितले म्हणून उभारलेला मंच किंवा हातात मंजुरी नसताना गृहीत धरलेला राजीनामा, दोन्ही अंगाशी येऊ शकतात. कुणी तोंडी आदेश दिला तर तो लेखी मागा. बहुतेक वेळा मागणी तिथेच विरते.

पायरी ६: पालिकेचे माहितीपत्रक तपासा

निवडणूक आहे म्हणून पालिकेने बोलणे बंद करायचे नसते. मतदान केंद्र कुठे, पाणी कधी बंद, लसीकरण कोणत्या दिवशी हे सांगितलेच पाहिजे. माहिती कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो, हे ओळखायला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा स्टॅन्सन विरुद्ध मॉट हा निकाल उपयोगी पडतो. उद्यानांसाठी सरकारने रोखे काढून कर्ज उभारावे का, यावर लोकांचे मतदान होते आणि सरकारी खात्याने रोख्यांच्या बाजूने सार्वजनिक पैसा खर्च केला, असा आक्षेप होता. न्यायालय म्हणाले, दोन्ही बाजूंची समतोल माहिती द्या, मत कोणत्या बाजूने द्या हे सार्वजनिक पैशातून सांगू नका. आणि सीमारेषा धूसर असेल तिथे साहित्याची शैली, सूर आणि वेळ बघा.

पत्रक हातात घेऊन हेच बघा. ते दर महिन्याला निघते का, की चार वर्षांत पहिल्यांदा, नेमके मतदानाच्या तोंडावर आले? त्यात रस्ता कुठून कुठे बंद आहे हे लिहिले आहे, की रस्ता कुणामुळे झाला हे? एकाच सदस्याचा फोटो तीनदा आला आहे का? संकेतस्थळावरची सदस्यांची नावे आणि संपर्क राहू द्यायला हरकत नाही, कामगिरीचे गुणगान आणि वैयक्तिक पानांचे दुवे मात्र त्या काळापुरते उतरवावेत.

पायरी ७: चूक झालीच तर

लगेच थांबा. काय वापरले, किती वेळ, कुणाच्या सांगण्यावरून, हे त्याच दिवशी लिहून काढा आणि निवडणूक कार्यालयाला आपणहून कळवा. पैसे भरून टाकल्याने सगळीकडे दोष जातो असे नाही. ओंटारियोत नगरपालिकेला उमेदवाराला देणगी देता येत नाही आणि फुकट दिलेली वस्तू किंवा सेवाही देणगीतच मोजली जाते. पण लपवलेली चूक दुसऱ्याने बाहेर काढणे हे केव्हाही जास्त वाईट.

पायरी ८: तक्रार करायची असेल तर

राग आला म्हणून फोटो आधी ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवरून फिरलेल्या फोटोतली वेळ आणि जागेची नोंद सहसा निघून जाते आणि पुरावा लंगडा पडतो. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. गाडीचा फोटो काढताना क्रमांक, प्रचाराचे साहित्य आणि आजूबाजूची ओळखू येणारी जागा एकाच चौकटीत येऊ द्या. तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसले आणि कोणत्या नियमाचा भंग झाला, एवढेच एका पानात लिहा. जे दिसले नाही ते लिहू नका. ‘गाडीतून पत्रके उतरवली’ आणि ‘गाडी सभेच्या जागेजवळ उभी होती’ यांत फार अंतर आहे, आणि एका अतिशयोक्तीने खरी तक्रारही पडते.

भारतात ही तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा आचारसंहिता कक्षाकडे लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिवाय माहिती अधिकार कायदा, २००५ खाली गाडीच्या लॉगबुकची आणि सभागृहाच्या आरक्षण नोंदवहीची प्रत मागा. उत्तराला तीस दिवस लागू शकतात, तोवर मतदान होऊनही जाईल, तरी अर्ज कराच. लॉगबुकमध्ये त्या दिवशीच्या फेरीचे कारण, किलोमीटर आणि सही असते, आणि तक्रारीची चौकशी पुढे चालू राहिली तर फोटोइतकाच तो कागदही कामाला येतो.