आठ रास्पबेरी पाय म्हणजे एक सर्व्हर नव्हे: या चुका टाळा

"मामा, आठ रास्पबेरी पाय ४ घेतले. ३२ कोअर, ६४ जीबी रॅम!" भाच्याने दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येऊन सांगितलं. ही बेरीज मी इतक्यांदा ऐकली आहे, आणि दर वेळी ती चूकच असते. रास्पबेरी पाय म्हणजे एका बोर्डावरचा छोटा संगणक; असे अनेक जोडून एका सर्व्हरसारखे वापरायला घेतले की त्याला क्लस्टर म्हणतात. तुमच्याकडे ८ जीबीचे आठ वेगळे डबे आहेत. १० जीबी रॅम मागणारा एकच प्रोग्राम त्यातल्या एकातही मावणार नाही. शेजारच्या बोर्डाची मेमरी वापरायची तर गिगाबिट केबल, म्हणजे सेकंदाला फार तर १२५ एमबी. सर्व्हरमध्ये डीडीआर४-३२०० रॅमचं एकच चॅनल कागदावर सेकंदाला २५.६ जीबी देतं, दोनशे पट. हजार फोटो लहान करायचे असतील तर क्लस्टर छान चालतो, कारण एका फोटोला दुसऱ्याशी देणंघेणं नसतं. म्हणून खरेदीआधी मी वहीत लिहितो: कामाचे तुकडे पडतात का, आणि ते एकमेकांशी किती बोलतात?

आता वीज. याच भाच्याने मे महिन्यात सहा बोर्ड एका सहा पोर्टच्या मोबाइल चार्जरला लावले. पाय ४ ला ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, चार्जरचा पोर्ट २.४ चा. क्लस्टर आणि सर्व्हरच्या तुलनेची चाचणी सुरू झाली की बोर्ड मंदावायचे. दोन दिवस तो सॉफ्टवेअर बदलत बसला, शेवटी "सर्व्हरच भारी" असं मित्रांना कळवूनही मोकळा झाला. मी थ्रॉटलिंग, म्हणजे बोर्डाने स्वतःच वेग कमी करणं, तपासायची कमांड चालवली. उत्तर ०x५०००५: व्होल्टेज कमी, वेगाला लगाम. सगळे आकडे रद्द! पाचशे रुपये वाचवायला गेलेल्या दोन दिवसांचा मला अजून राग येतो. मी प्रत्येक बोर्डाला स्वतंत्र अ‍ॅडाप्टर देतो आणि चाचणीच्या आधी व नंतर ही कमांड चालवतोच.

उन्हाळ्यात हीटसिंक आणि पंखा हवाच. ८० अंशांपासून पाय स्वतःच वेग कमी करू लागतो.

डेटाबेस एसडी कार्डावर ठेवू नका, एसएसडी लावा.

"एक्झेक फॉरमॅट एरर" दिसला तर इंटेल प्रोसेसरसाठीची इमेज (तयार सॉफ्टवेअरचा गठ्ठा) पायच्या एआरएम प्रोसेसरवर चढवलीत.

पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही. लाइट जाऊन आली की तारीख मागे राहते, साइटची ओळख पटवणारी सर्टिफिकेट नाकारली जातात. वेळ सिंक होईपर्यंत थांबा, लगेच सगळं पुन्हा इन्स्टॉल करू नका.

आणि विजेचा खर्च मोजताना मीटर भिंतीच्या सॉकेटला लावा. स्विच, पंखे, अ‍ॅडाप्टर सगळं क्लस्टरच्याच खात्यात धरा.