एलपीएनची एक्झिट परीक्षा: "आधी काय कराल?" या प्रश्नाची तयारी

अमेरिकेत एलपीएनचा, म्हणजे आरएनच्या (रजिस्टर्ड नर्सच्या) देखरेखीखाली काम करणाऱ्या लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्सचा, कोर्स संपत आला की वर्गात सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा असतो, ८५०. काही कॉलेजांत ९००. हेसीची एक्झिट परीक्षा, म्हणजे लायसन्सच्या परीक्षेची तयारी झाली का हे बघणारी परीक्षा, घेणारी बरीच कॉलेजं याच दोनपैकी एक आकडा मागतात. काही ठिकाणी हेसीऐवजी एटीआयची प्रेडिक्टर ही तशीच परीक्षा असते. ८५० किंवा ९०० हे टक्के नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं करा, नाहीतर सराव परीक्षेतले टक्के आणि हा स्कोअर यांची तुलना करत उगाच रात्री जागवाल. आणि तेवढा स्कोअर आला नाही तर पुढे काय, हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं असतं. कुठे रेमेडिएशन, म्हणजे कच्च्या विषयांचा अभ्यास, करून पुन्हा बसू देतात, कुठे एनक्लेक्सला, म्हणजे लायसन्सच्या परीक्षेला, लागणारे कागद तोवर पुढे पाठवत नाहीत. ते सगळं हँडबुकात लिहिलेलं असतं. शेवटच्या सेमिस्टरची वाट न बघता आजच ते पान काढून वाचा.

मी न्यू जर्सीत शिकले, म्हणून एलपीएन म्हणते. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात याच नर्सला एलव्हीएन म्हणतात, पण लायसन्सची परीक्षा सगळीकडे एकच, एनक्लेक्स-पीएन. कॅनडात ऑन्टॅरिओ आणि ब्रिटिश कोलंबियात २०२२पासून रेक्स-पीएन ही वेगळी परीक्षा घेतात. तिथल्या मुलींना पुढचे आकडे लागू होणार नाहीत, विचार करायची पद्धत मात्र होईल.

रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५, लिथियम ०.६ ते १.२, हेपरिनवर उतारा प्रोटामीन, वॉरफरिनवर व्हिटॅमिन के, सी डिफला (जुलाबाच्या जंतूला) सॅनिटायझर चालत नाही, साबण-पाणीच लागतं, हे सगळं तुम्हाला येत असणार. येत नसेल तर आठवड्याभरात येईल. पाठांतरात आपण मराठी शाळांतली मुलं कधी कमी पडत नाही. गाडी अडते ती दुसरीकडे.

माझे मार्क खाल्ले ते "नर्सने आधी काय करावं?" या प्रश्नांनी. त्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण मला हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही.

या प्रश्नात चारही पर्याय करण्यासारखेच वाटतात. बऱ्याचदा प्रत्यक्षात ती नर्स चारही गोष्टी करेल. तिथे विचारलेलं असतं फक्त क्रमाबद्दल. आपल्याकडच्या दवाखान्यांत सिस्टर डॉक्टरांना बोलावते, डॉक्टर येऊन काय ते करतात, हे चित्र लहानपणापासून मनात बसलेलं असतं. त्यामुळे हात आपोआप "डॉक्टरांना कळवा" किंवा "आरएनला सांगा" या पर्यायाकडे जातो. मग कुणीतरी सांगतं, अगं, "कळवा" हे उत्तर कधीच नसतं, नेहमी तपासणीचा पर्याय घे. की आपण दुसऱ्या टोकाला जातो. दोन्ही टोकांना मार्क जातात.

एक पेशंट घ्या. रक्त चढवायला सुरुवात होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली आहेत. पेशंट म्हणतो, कंबर दुखते आहे आणि थंडी वाजून येते आहे. पर्याय असे: आरएनला बोलवा, टेम्परेचर घ्या, रक्त थांबवा, ब्लँकेट द्या. इथे टेम्परेचर घेण्यात जी दोन मिनिटं जातील, तेवढ्या वेळात ते न जुळणारं रक्त त्याच्या अंगात जातच राहील. आरएन येईपर्यंतही जात राहील. म्हणून आधी रक्त थांबवायचं, नवीन नळीने सलाईन देऊन शीर चालू ठेवायची, मग आरएन, मग व्हायटल्स (नाडी, बीपी, टेम्परेचर). रक्त सुरू करणं बहुतेक ठिकाणी आरएनचं काम आहे, हे खरं. पण धोका दिसला की ते थांबवणं तुमचं काम आहे. "रक्त आरएनने लावलंय, मी कसा हात लावू" हा आपला संकोच परीक्षेत चालत नाही आणि वॉर्डमध्ये तर मुळीच नाही.

दुसरा पेशंट. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध द्यायची वेळ झाली आहे. एपिकल पल्स (छातीवर ऐकलेले ठोके) पूर्ण एक मिनिट मोजली, ५२ आहे. मळमळतंय, दिव्याभोवती पिवळसर वलय दिसतं म्हणतो. पर्यायांत "पल्स पुन्हा मोजा" हे हमखास असतं आणि ते फार सुरक्षित वाटतं. पण पल्स नीट मोजलेली आहे, लक्षणं विषबाधेची आहेत, आणखी काय कळायचं राहिलंय? डोस थांबवा, मग कळवा.

आता तिसरा. डायबेटिसच्या पेशंटला दरदरून घाम आलाय, हात थरथरताहेत, पण प्रश्नात शुगर दिलेली नाही. इथे ज्यूस द्यायची घाई केली तर चुकलं, आधी शुगर बघायची. त्याच प्रश्नात शुगर ५४, म्हणजे फार कमी, दिली असेल आणि पेशंट नीट गिळू शकत असेल तर उत्तर बदलतं: १५ ग्रॅम साखर पोटात जाईल इतका, म्हणजे साधारण अर्धा कप ज्यूस, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेशंट तोच आणि लक्षणंही तीच, बदल फक्त एका आकड्याचा.

चौथा. हाताला प्लास्टर आहे. तासापूर्वी दुखण्याचं जोरदार औषध दिलं, तरी दुखणं वाढतंय, बोटांना मुंग्या आल्यात, बोटं सरळ केली की ओरडतो. हात उशीवर उंच ठेवा, बर्फ लावा, औषधाचा पुढचा डोस द्या, लगेच कळवा, असे पर्याय. हा कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे स्नायूंत दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं. हात हृदयापेक्षा वर नेला तर रक्तपुरवठा आणखी घटतो, बर्फानेही तेच. निदानाला पुरेशी माहिती हातात आहे, पेशंटच्या उशाशी करण्यासारखं खरा धोका टाळणारं काहीच नाही, आणि उशीर झाला तर हात जाऊ शकतो. इथे "कळवा" हेच उत्तर. ते कधीच बरोबर नसतं असं सांगणाऱ्यांनी हा प्रश्न सोडवून बघावा.

म्हणजे दर वेळी स्वतःला विचारायचं: निर्णय घ्यायला माहिती पुरेशी आहे का? नसेल तर तपासा. पुरेशी आहे, तर नुकसान आत्ता थांबवणारं माझ्या अधिकारातलं काही समोर आहे का? असेल तर ते करा आणि मग कळवा. नसेल तर कळवणं हीच कृती. मी सरावाचे प्रश्न सोडवताना प्रत्येक प्रश्नाच्या कडेला "माहिती" (तपासा), "हात" (स्वतः करा) किंवा "कळव" यांतला एक शब्द लिहायची, पर्याय वाचायच्या आधी. पर्याय वाचल्यावर लिहिलंत तर काही उपयोग नाही, कारण मग पर्यायच तुम्हाला ओढून नेतात. अवस्था वाचा, पर्याय हाताने झाका, शब्द लिहा, मग हात काढा. सुरुवातीला फार वेळ लागतो. लागू द्या.

यातच मिसळलेली आणखी एक गोष्ट म्हणजे "माझ्या अधिकारातलं". इंटरनेटवर फुकट मिळणारं बहुतेक साहित्य आरएनसाठी लिहिलेलं असतं. त्यातून अभ्यास केला की आपण नकळत आरएनसारखी उत्तरं देऊ लागतो. नव्याने दाखल झालेल्या पेशंटचं पहिलं असेसमेंट, पहिल्यांदा द्यायचं शिक्षण, केअर प्लॅन तयार करणं, ही आरएनची कामं. एलपीएन माहिती गोळा करते, दिलेलं शिक्षण पुन्हा पक्कं करते, आणि ज्याची तब्येत स्थिर आहे, पुढे काय होईल याचा अंदाज आहे, असा पेशंट सांभाळते. एलपीएनकडे कोणता पेशंट द्यावा असं विचारलं, तर आत्ताच सर्जरीहून आलेला नको, उद्या घरी जाणारा घ्या. तुमच्या राज्यात एलपीएनला काय-काय करू देतात ते इथे बाजूला ठेवायचं, परीक्षा अख्ख्या देशाची आहे. क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणात, तुम्ही एखाद्या नर्सला काही करताना बघितलंत म्हणून ते उत्तर धरू नका.

संवादाचे प्रश्न आपल्याला सोपे वाटतात आणि तिथेच मार्क जातात. "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" हे आपण दिवसातून दहा वेळा मायेने म्हणतो. परीक्षेत ते चूक, कारण ते खोटं आश्वासन ठरतं आणि पेशंटचं बोलणं तिथेच थांबतं. "असं का केलंत?" हेही चूक. पेशंटला बोलतं ठेवणारा पर्याय शोधा. वेदना पेशंट सांगेल तेवढीच धरायची, आपल्या घरातलं "थोडं सहन कर" डोक्यातून काढून टाकायचं. भाषांतरासाठी नातेवाइकाला बसवायचं नाही, आणि पेशंटच्या सुनेने फोनवर विचारलं तरी परवानगीशिवाय काही सांगायचं नाही. आपल्याकडे सुनेला सांगणं हेच सौजन्य, म्हणून या प्रश्नांचा वेगळा सराव करा.

गणितात फार वेळ घालवू नका. किलो काढायला पौंडाला २.२ने भागा, एक औंस म्हणजे ३० मिली, आणि इनटेक (पेशंटच्या पोटात गेलेलं द्रव) मोजताना बर्फाचे तुकडे त्यांच्या मापाच्या निम्मे धरा. झालं.

सल्ला कुणाचा घ्यावा, याबद्दल माझं मत ठाम आहे. १ एप्रिल २०२३पासून एनक्लेक्स बदलली. त्याआधी पास झालेल्या ताईंचं प्रेम घ्या, डबा घ्या, परीक्षेचा सल्ला मात्र जपून घ्या. आता कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ ५ तास, आणि त्यात केस स्टडी येतात, प्रत्येकीत एकाच पेशंटवर ६ प्रश्न. "सिलेक्ट ऑल"मध्ये, म्हणजे लागू पडणारे सगळे पर्याय निवडायच्या प्रश्नांत, पूर्वी एक खूण चुकली की अख्खा प्रश्न गेला. आता बरोबर खुणेला एक गुण मिळतो, चुकीच्या खुणेला एक कापला जातो, पण त्या प्रश्नाचा गुण शून्याच्या खाली जात नाही. म्हणून खात्री आहे तिथे खूण करा आणि "एखादी असू दे" म्हणून जास्तीची खूण करू नका. किती निवडायचे ते प्रश्नातच दिलं असेल तर तेवढे निवडा, तिथे गुण कापत नाहीत.

"८५ला बंद झाली म्हणजे पास" ही अफवा आहे. ८५ला पासही होतात आणि नापासही. मशीनला तुमच्या पातळीची खात्री पटली की ती थांबते, एवढाच त्याचा अर्थ. १२०वा प्रश्न आला म्हणून घाबरू नका. प्रश्न येत आहेत तोवर तुमची परीक्षा जिवंत आहे.

कुणी एक्झिटचे "आलेले प्रश्न" विकत देत असेल तर घेऊ नका. पकडले जाल ही भीती आहेच, पण त्याहून मोठं नुकसान असं की पाठ केलेल्या उत्तरांनी आलेला ८५० तुम्हाला एनक्लेक्सविषयी काहीच सांगत नाही. एक्झिटचा खरा उपयोग तिच्या रिपोर्टात असतो, कुठल्या विषयात तुम्ही कच्च्या आहात ते तिथे दिसतं. बरोबर आलेल्या प्रश्नांचंही स्पष्टीकरण वाचा. मी ते मोठ्याने मराठीत बोलून समजावून घ्यायची, स्वयंपाक करता करता, ऐकायला कुणी नसलं तरी. इंग्रजीत वाचलेलं मराठीत सांगता आलं नाही, तर ते समजलेलं नसतं. कोणी काहीही म्हणो, इंग्रजी कच्चं आहे म्हणून तुम्ही ही परीक्षा देऊ शकणार नाही, असं मुळीच नाही. प्रश्नांची वाक्यं छोटी असतात.

फॉर्म भरताना नावाकडे बघा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला चिकटून येतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते वेगळं पडतं, लग्नानंतर आडनावाचा घोळ निराळाच. परीक्षेचं परवानगीपत्र आणि तुम्ही दाखवणार ते ओळखपत्र यांवरचं पहिलं नाव आणि आडनाव तंतोतंत जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर आत घेत नाहीत आणि २०० डॉलर जातात. रजिस्टर करण्याआधीच ओळखपत्र समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

परीक्षेच्या दिवशी मधे ब्रेक घेता येतो, पण तो वेळ ५ तासांतच मोजला जातो. तरी घ्या. घरी आल्यावर पुन्हा रजिस्टर करून बघायचं, पैसे घेतले नाहीत तर पास, ही युक्ती सगळ्या सांगतात. करू नका. निकाल मनासारखा नसेल तर कार्डावरून २०० डॉलर खरंच कापले जातात. बऱ्याच राज्यांत थोडे पैसे भरले की दोन कामाच्या दिवसांनी अनधिकृत निकाल दिसतो. तेवढं थांबा.

आणि नापास झालात तर तुम्हाला एक परफॉर्मन्स रिपोर्ट येतो. त्यात प्रत्येक विषयापुढे लिहिलेलं असतं, पास होण्याच्या पातळीच्या वर, जवळ की खाली. पुन्हा बसण्याआधी किमान ४५ दिवस थांबावं लागतं. पहिले दोन-तीन दिवस रडा, मग तो कागद काढा. "खाली" लिहिलेल्या विषयांवर सकाळचा ताजा वेळ द्या, "जवळ"च्यांचे रोज थोडे प्रश्न सोडवा, आणि "वर" असलेल्यांना आठवड्यातून एकदाच हात लावा. सगळं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेऊ नका.