स्कॅनरने द्राक्षाची गोडी बघताय? या चुका टाळा

हंगाम लागला की निफाड-दिंडोरीच्या बागांत हातात स्कॅनर धरलेली माणसं दिसतात. यंत्र चांगलं आहे, मणी न फोडता ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, सांगतं. पण वापरणाऱ्यांची घाई जीव नकोसा करते.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे हाताला येईल तो घड धरणं. दिंडोरीकडच्या एका बागेत खरेदीदाराच्या माणसाने रस्त्यालगतची ओळ धरली, उन्हाच्या अंगाचे, तेही घडाच्या खांद्यावरचे मणी तपासले. आकडा आला १८. "अण्णा, उद्याच खुडा (काढणी) लावा!" पॅकहाऊसमध्ये शेंड्याचे, म्हणजे घडाच्या खालच्या टोकाचे, मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबभर रसातून ब्रिक्स मोजणारं उपकरण) धरले, तर १४. निर्यातीला साधारण १६ तरी लागतो, आणि द्राक्ष खुडल्यावर गोड होत नाही. माल लोकल भावात गेला. खरेदीदार हात झटकून मोकळा, वर्षभराचा खर्च अण्णांच्या अंगावर. मला याची अजून चीड येते.

मी कडेच्या ओळी सोडून बागेत तिरका चालतो. प्रत्येक घडाचा खांदा, मध्य आणि शेंडा तपासतो, आणि खुड्याचा निर्णय शेंड्याच्या आकड्यावरच घेतो. सरासरीवर माझा विश्वास नाही.

दुसरी चूक यंत्रातल्या मॉडेलची, म्हणजे अंदाज बांधायच्या गणिताची. स्कॅनरला साखर थेट दिसत नाही. मण्यातून परत आलेला इन्फ्रारेड प्रकाश मोजून तो अंदाज बांधतो, आणि हा अंदाज ज्या फळावर शिकवलाय त्याच्यापुरताच खरा. सफरचंदाचं मॉडेल थॉमसन या हिरव्या द्राक्षाला लावू नका, थॉमसनचं काळ्या शरद वाणाला लावू नका. दर हंगामात, दर वाणाला, वीस-तीस मणी आधी स्कॅन करा, मग तेच पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर बघा आणि फरक वहीत लिहा. एवढा वेळ नसेल तर स्कॅनर घेऊच नका.

दव वाळायच्या आत मोजू नका; पाणी हा प्रकाश शोषतं. प्री-कूलिंगमधून (खुडलेला माल थंड करायच्या खोलीतून) काढलेल्या गार, ओल्या मालाचंही तेच. यंत्राचं मोजमाप जुळवायची पांढरी कॅलिब्रेशन टाईल रोज पुसा. मणी चोळून मोजू नका, वरची पांढरी झाक गेली की मालाचा भाव जातो.

आणि औषधांचे अंश या यंत्राने बघू नका. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांपायी अडकली. असे अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या हिशोबात असतात, हातातल्या स्कॅनरला ते दिसत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवा, आणि अहवाल हातात येईपर्यंत खुड्याला हात लावू नका.