लिंकची देवाणघेवाण: कोणाशी करावी, कशी करावी, कुठे थांबावं

सावद्याजवळच्या एका केळी वेफर्सवाल्या दादांनी मागे एका एजन्सीकडून लिंकांचा गठ्ठा घेतला. ‘२०० साइटवर तुमची लिंक लावतो, बदल्यात तुमच्या साइटवर आमचं एक पान ठेवा,’ असा सौदा. ते पान मी उघडलं तर कर्ज देणारी ॲप, ऑनलाइन जुगार, परदेशातले दातांचे दवाखाने अशा लिंकांची रांगच लागलेली. काही आठवड्यांनी गुगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं मोफत साधन) ‘मॅन्युअल ॲक्शन’ची, म्हणजे गुगलच्या माणसांनी साइट तपासून केलेल्या कारवाईची, सूचना आली आणि साइट शोधात दिसेनाशी झाली. निस्तरण्यात दिवाळीच्या ऑर्डरींचा हंगाम गेला. त्या दादांचा तो हंगाम गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

लिंकला किंमत का आहे, ते आधी समजून घ्या. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल सुरू केलं ते पेजरँक या कल्पनेवर. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याचं जेवढं वजन, तेवढं तिचं मोल. आपल्या बाजारात नवा माणूस उधारी मागायला आला की आपण विचारतोच ना, कोणाच्या ओळखीने आलात? तसंच हे. पुढे लोक खोट्या ओळखी विकू लागले, तेव्हा एप्रिल २०१२ मध्ये गुगलने पेंग्विन अपडेट आणून अशा साइट खाली ढकलल्या. आजही गुगलच्या स्पॅम धोरणात ‘तू मला लिंक दे, मी तुला देतो’ अशा अतिरेकी देवाणघेवाणीचं नाव घेतलेलं आहे. अतिरेकी हा शब्द महत्त्वाचा. दोन ओळखीच्या धंद्यांनी एकमेकांचं नाव सांगणं हा गुन्हा नाही.

सुरुवात स्वतःच्या साइटपासून करा. लिंक द्यावी असं एक तरी पान तुमच्याकडे हवं. नुसतं ‘आमच्याविषयी’ आणि फोन नंबर असेल तर कोणी कशाला लिंक देईल? वेफर्सवाल्याने कच्च्या केळीपासून पाकिटापर्यंतचं काम स्वतः काढलेल्या फोटोंसह दाखवावं, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे सांगावं, होलसेलचे दर आणि माल किती दिवस टिकतो ते लिहावं. भरिताच्या वांग्यांचा किंवा नंदुरबारच्या मिरचीचा धंदा असेल तर तसंच त्याचं.

मग जोडीदार शोधा. इंटरनेटवर नको, स्वतःच्या फोनमध्ये शोधा. तुम्ही गिऱ्हाईक कोणाकडे पाठवता, आणि तुमच्याकडे कोण पाठवतं? भुसावळ किंवा जळगाव स्टेशनवर उतरून अजिंठ्याला जाणाऱ्या पर्यटकांना नेणारा टॅक्सीवाला, सातपुड्यातल्या पाल गावी राहण्याची सोय करणारं कुटुंब, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी देणारं हॉटेल. या सगळ्यांचं गिऱ्हाईक वेफर्सवाल्याचंही गिऱ्हाईक आहे. एकच प्रश्न विचारा: गुगल नसतं, तरी ही लिंक मी दिली असती का? उत्तर ‘नाही’ आलं तर तो माणूस कितीही जवळचा असो, सोडून द्या.

समोरची साइटही तपासा. गुगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ लिहून कोलन द्या आणि जागा न सोडता तिचा पत्ता टाका. एकही पान आलं नाही तर काहीतरी गडबड आहे. ‘लिंक्स’ नावाचं पान उघडून त्यावर शेकडो अनोळखी नावं दिसली, तर तिथूनच परत फिरा.

बोलणं फोनवर करा, नाहीतर साधा मेसेज टाका: ‘भाऊ, नमस्कार. अजिंठ्याहून परतताना काय घ्यावं, असं तुमचे प्रवासी विचारतात म्हणालात. आमचं वेफर्सचं पान पाठवतोय, योग्य वाटलं तर तुमच्या साइटवर द्या. आमच्याकडे येणारे टॅक्सी विचारतात, त्यांच्यासाठी मी तुमची लिंक टाकतोय.’ यात अट नाही, हे लक्षात घ्या. अट घातली की सौदा झाला.

लिंक कुठे बसते, यावर बरंच अवलंबून असतं. प्रत्येक पानाच्या तळाशी चिकटवलेली लिंक नको. मजकुरात, वाक्याच्या ओघात हवी: ‘परतीच्या वाटेवर सावद्याला ताजे केळी वेफर्स मिळतात.’ यातल्या ‘ताजे केळी वेफर्स’वर लिंक. पण दहा जणांकडे हेच शब्द द्यायला लावू नका. कोणी दुकानाचं नाव लिहील, कोणी गावाचं, लिहू द्या. पैसे किंवा फुकट माल देऊन लिंक घेतली असेल तर तिला ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण, म्हणजे ही लिंक मोबदला देऊन घेतली आहे असं गुगलला सांगणारा कोडमधला शब्द, लावायला सांगा. ती सोय गुगलने २०१९ मध्ये आणली, आणि ‘ही लिंक शिफारस धरू नका’ असं सांगणारी ‘नोफॉलो’ ही खूण २००५ पासून आहे. साइट बनवणाऱ्याला पाच मिनिटांचं काम.

किती जणांशी करावी? गुगलने आकडा दिलेला नाही. माझं मत विचाराल तर महिन्याला एखादी पुरे, आणि तुमच्याकडे येणाऱ्या लिंकांत अदलाबदलीच्या थोड्याच असाव्यात. ‘मी त्याला, तो तिसऱ्याला, तिसरा मला’ ही तिरकी वाटही अदलाबदलच आहे. गावातल्या गिऱ्हाइकासाठी तर आधी गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, नीट भरा. तिथे वेळ, फोटो, पत्ता अपुरा असताना लिंकांमागे धावण्यात अर्थ नाही.

दर दोन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये ‘लिंक्स’ हा अहवाल उघडा. कुठल्या साइट तुमच्याकडे बोट दाखवतात ते तिथे कळतं. एखादी फालतू साइट दिसली म्हणून घाबरू नका, अशा बहुतेक लिंकांकडे गुगल स्वतःच दुर्लक्ष करतं. मॅन्युअल ॲक्शन आली तर मात्र त्या लिंका काढा, ज्या निघत नाहीत त्या ‘डिसअव्हाव’ यादीत (या लिंका धरू नका, असं गुगलला सांगणारी यादी) टाका आणि काय काय केलं ते लिहून गुगलला फेरविचाराची विनंती पाठवा. आपण दिलेल्या लिंकाही दाबून पाहा. एका टॅक्सीवाल्याने साइटचा पत्ता बदलला होता, आमच्या पानावरचं गिऱ्हाईक कोऱ्या पानावर जात होतं. त्याला फोन केला, नवा पत्ता घेतला आणि त्याच संध्याकाळी बदलला.