वाचनालयाचा किशोर विभाग ओस का पडतो? या चुका टाळा

बालविभागात गलका असतो, अभ्यासिकेत खुर्ची मिळत नाही, आणि देवघेवीच्या नोंदींत १३ ते १८ वयाचं मूल मात्र शोधावं लागतं. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत याचं कारण लगेच सांगितलं जातं: मोबाइल. मोबाइल आहेच, पण गळतीची बरीच कारणं वाचनालयाच्या स्वतःच्या नियमांत दडलेली असतात, आणि ती दूर करायला फारसा खर्चही येत नाही.

दहावीच्या वर्षी खातं बंद करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दहावीचं मूल दिवाळीनंतर फिरकत नाही, वर्गणी थकते, आणि मार्चअखेर थकबाकीदारांची यादी काढताना त्याचं नाव कापलं जातं. नेमकी त्याच सुमारास परीक्षा संपते. पुढे निकाल लागून अकरावीचे प्रवेश होईपर्यंत त्याच्याकडे वेळच वेळ असतो. तेव्हा ते आलं, तर नवा अर्ज, नवी अनामत आणि मागची थकबाकी! तिथूनच ते परत जातं.

उपाय सोपा आहे. दहावी-बारावीच्या वाचकांसाठी 'स्थगित' असा शेरा ठरवा. नोव्हेंबर ते मार्च वर्गणी नाही, पुस्तक नाही, अनामत तशीच. बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की त्याच आठवड्यात पालकांच्या फोनवर निरोप द्या: खातं चालू आहे, एका वेळी तीन पुस्तकं, मुदत ३० दिवस. तसा ठराव मंडळाकडून आधीच करून घ्या, नाहीतर लेखापरीक्षणाच्या वेळी लिपिकाला उत्तरं द्यावी लागतात.

दंडाचंही तसंच. रोजचा एक रुपया किरकोळ वाटतो, पण चार महिन्यांनी तो १२० रुपये होतो. मूल घरी सांगायला घाबरतं, पुस्तक कपाटामागे जातं आणि तुमचं पुस्तकही गेलं, वाचकही गेला. कमाल दंड १० रुपयांवर थांबवा. हरवलेल्या पुस्तकासाठी तेच पुस्तक किंवा छापील किंमत, एवढाच नियम ठेवा.

मुखपृष्ठ लपवणं

बांधणीला दिलेलं पुस्तक परत येतं तेव्हा रंगीत मुखपृष्ठ गेलेलं असतं. वर काळपट कापडी पुठ्ठा आणि कण्यावर दाखल क्रमांक. चाळिशीचा वाचक लेखकाच्या नावावरून पुस्तक मागतो. चौदा वर्षांच्या मुलाला लेखक माहीतच नसतात, ते चित्र, शीर्षक आणि जाडी बघतं. बांधणाऱ्याला मूळ मुखपृष्ठ नव्या पुठ्ठ्यावर चिकटवायला सांगा, वरून पारदर्शक प्लास्टिक घाला. नवी पुस्तकं तर दाखल करतानाच प्लास्टिकमध्ये जाऊ देत.

साधारण ९० सेंटिमीटरच्या फळीवर डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराची सहा पुस्तकं दर्शनी बाजूने उभी राहतात. डोळ्यांच्या उंचीच्या दोन फळ्या म्हणजे बारा पुस्तकं. ती दर पंधरवड्याला बदला. यात ८० ते १२० पानांची निम्मी तरी हवीत, कारण शाळा आणि क्लासच्या मधे जाडजूड कादंबरी उघडलीच जात नाही. ही फळी बालविभागात ठेवू नका. आठवीतला मुलगा धाकट्या बहिणीच्या सतरंजीशेजारी उभा राहत नाही. देवघेवीच्या टेबलासमोरही नको, तिथे सगळ्यांच्या नजरा असतात. अभ्यासिकेच्या वाटेवरची भिंत उत्तम.

क्लासच्या वेळेत दार उघडणं

संध्याकाळी पाच ते साडेसात वाचनालय उघडं आणि क्लासही तेव्हाच, मग येणार कोण? आठवड्यातून दोन दिवस देवघेव साडेआठपर्यंत चालवा. कर्मचारी वाढवायची गरज नाही. त्या दिवशी वाचनालय तासभर उशिरा उघडा. साप्ताहिक सुट्टी रविवारी असेल तर ती आधी हलवा.

हारतुरे झाले, कार्ड एकही नाही

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळेचा एक वर्ग बोलावला जातो. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, तीन भाषणं, फोटो. मुलं हात हलवत परत जातात. पाहुण्यांना दहा मिनिटं द्या आणि उरलेला वेळ पुस्तकांना. हाताने नोंद करायला एका मुलाला दोन मिनिटं धरली, तरी ४० मुलांना ऐंशी मिनिटं लागतात. इथेच सगळं कोलमडतं. म्हणून आठवडाभर आधी अर्ज शाळेत पाठवून पालकांच्या सह्या आणा, कार्डं आदल्या दिवशी भरून ठेवा, दोन टेबलं लावा आणि ६० पुस्तकं वेगळी काढा. परतीची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची टाका. ऑक्टोबरात सहामाही असते, हे विसरून आठ दिवसांची मुदत देणारेही असतात.

वाचक गटाचा वर्ग करणं

पहिल्या बैठकीला पंचवीस, तिसऱ्या बैठकीला चार, असं झालं की तपासायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. सगळ्यांना एकच पुस्तक दिलं होतं का? वाचनालयात प्रत एक, मग वाचणार कोण? वाचल्यावर सारांश लिहून मागितला का? मोठी माणसं किती वेळ बोलली?

गट आठ ते बारा जणांचा ठेवा, पंधरवड्यातून एकदा, ठरलेला वार, ४५ मिनिटं. ज्याने जे वाचलं ते आणायचं. रहस्यकथा, क्रिकेट, इंग्रजी, जपानी चित्रकथा, काहीही. 'हे काय वाचतोस?' असं एकदा तोंडातून गेलं, की तो मुलगा पुढच्या वेळी येत नाही. सूत्रं दरवेळी वेगळ्या मुलाच्या हाती, ग्रंथपाल वर्तुळाबाहेर. त्यांना खरेदीत वाटा द्या: वर्षाला २,००० रुपयांची पुस्तकं गट निवडेल. ग्रंथनिवड समितीने नकाराचे निकष आधीच सांगावेत, यादी आल्यावर नाही.

बैठकीला दोन प्रौढ हजर हवेत, दार उघडं. निरोपांच्या गटात पालकांचे क्रमांक घ्या, मुलांना एकट्याला संदेश पाठवू नका, फोटोसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या. यात तडजोड नको.

चुकीची संख्या मोजणं

कार्यक्रमाची उपस्थिती अहवालात भरदार दिसते, अभ्यासिकेची तर आणखीच. पण अभ्यासिकेतलं मूल स्वतःचीच पुस्तकं घेऊन येतं. तिथे एका टेबलावर पंचवीस पातळ पुस्तकं आणि मासिकं नोंदीविना वाचायला ठेवा आणि 'वाचून झाल्यावर इथेच ठेवा' अशी पाटी लावा. रात्री हललेली पुस्तकं मोजा. कार्डावर जन्मवर्षाचा रकाना नसेल तर तो घाला. 'ई-ग्रंथालय' ही संगणकप्रणाली वापरत असाल तर किशोरांसाठी वेगळा सभासद प्रकार करा. मग दर महिन्याला दोनच आकडे काढा: १३ ते १८ वयोगटाने किती पुस्तकं नेली, आणि पहिलं पुस्तक नेल्यापासून ६० दिवसांत दुसरं किती जणांनी नेलं. पहिला आकडा वाढतोय आणि दुसरा नाही, तर कार्यक्रम चालले आहेत, पण फळीवरची पुस्तकं बदलायला हवीत.