नोट्स मागू नका, काढा

स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेली आमच्या डिचोलीतली मुलं आली की आधी माझ्या नोट्स मागतात. मी देतो. त्यांचा उपयोग मात्र मलाच जास्त झालेला असतो.

गोव्याचं सामान्यज्ञान घ्या. मोबाईलवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये एक ओळ असते: 'जनमत कौल, १६ जानेवारी १९६७.' ती पाठ होते आणि तशीच उडते. मी प्रकरण वाचून पुस्तक मिटतो आणि आठवेल ते माझ्या भाषेत लिहितो. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर निशाणी फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाचं सरकार आधीच पायउतार झालेलं. इथवर आलं की पेन अडतं. विलीनीकरण हरलं, मग विलीनीकरण मागणारा मगो पक्ष त्याच वर्षी निवडणूक जिंकून परत सत्तेवर कसा? हा प्रश्न समासात लिहायचा. उत्तर शोधताना १९६४चा कूळ कायदा, गावोगावच्या मराठी शाळा, बहुजन समाजाचा पाठिंबा हे सगळं एका धाग्यात येतं. तयार नोट्समध्ये हा प्रश्नच नसतो.

म्युलर आणि ऑपनहायमर यांच्या २०१४च्या अभ्यासात लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी शब्दशः उतरवत होते आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडले. पुढच्या प्रयोगांत फरक इतका ठळक दिसला नाही. त्यामुळे वही की लॅपटॉप यावर मी वाद घालत नाही. जसंच्या तसं उतरवू नका, एवढंच. (रंगीत हायलायटरवर पैसे घालवायचे तर खुशाल घालवा.)

डावीकडे रुंद समास सोडा, त्यात फक्त प्रश्न. उजळणीला उजवी बाजू झाका आणि उत्तरं द्या. बसायला पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय आहेच.

सुरुवात गोव्याच्या नकाशाने करा, हाताने काढलेल्या. जुन्या काबिजादी (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेले भाग) एका रंगात: तिसवाडी, बार्देश, सासष्टी. नव्या काबिजादी दुसऱ्या रंगात, त्या पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकात आल्या. मग मंगेशाचं देऊळ सोळाव्या शतकात तेव्हाच्या सासष्टीतल्या कुठ्ठाळीहून, पोर्तुगिजांच्या हाताबाहेरच्या फोंड्यातल्या प्रियोळला का हललं, ते कुणाला विचारावं लागणार नाही.